काकांची मॅन्लिकर: हलक्या रायफलीचं मोल काढताना

काका गेल्यावर घर, हापूसची कलमं, काजूची बाग यांची वाटणी एका बैठकीत, आवाज न चढता झाली. अडलं ते रायफलीपाशी. आजोबांनी स्वातंत्र्याच्या आधी मुंबईत घेतलेली ती रायफल पुढे काकांच्या परवान्यावर चढली होती. आता ती दोघा चुलतभावांपैकी एकाच्याच नावावर होणार. म्हणजे दुसऱ्याला आणि काकूला त्यांचा वाटा पैशात द्यायचा, आणि त्यासाठी तिची किंमत ठरायला हवी. आमच्या देवगडकडच्या लोकांनी बंदुका भरपूर पाहिल्यात, पण त्या ठासणीच्या, नाहीतर बारा बोअरच्या. रायफलीचं मोल सांगेल असा माणूस पंचक्रोशीत नव्हता. काकू मला म्हणाली, "तू लोखंडातलो माणूस. खरा काय ता तूच सांग."

मी मुंबईत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. तरुणपणी क्लबात नेमबाजीही केली होती, त्यामुळे रायफल मला परकी नव्हती. हे काम कसं केलं ते जरा सविस्तर लिहितो, कारण कोकणात कितीतरी घरांची अशी एखादी बंदूक कुठे ना कुठे जमा होऊन पडली आहे आणि तिचं पुढे काय करायचं हे वारसांना कळत नाही.

परवानाधारक वारला की हत्यार घरात ठेवून चालत नाही. ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. आम्ही ते कोल्हापूरच्या एका विक्रेत्याकडे ठेवलं आणि पावती घेतली. पुढची सगळी तपासणी त्याच्या दुकानात, त्याच्या देखतच झाली.

रायफल मॅन्लिकर-शोनॉवर, मॉडेल १९०३, काडतूस ६.५ × ५४ मिलिमीटर, म्हणजे गोळीची जाडी आणि टरफलाची लांबी. ऑस्ट्रियातल्या स्टायर शहरात बनलेली. नळी जेमतेम ४५ सेंटिमीटर, लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत गेलेलं, पोटात गोल फिरणारं पाच काडतुसांचं मॅगझिन, आणि वजन ३ किलोच्या आसपास. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगरात हिंडणाऱ्या शिकाऱ्यांसाठी बनवलेली ही महागडी हलकी रायफल. आता आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली, आणि ते योग्यच झालं. पण वस्तू म्हणून तिचं मोल आहेच, आणि ते काढायचं तर ती ज्या कामासाठी बनली ते काम समजून घेतल्याशिवाय निघत नाही.

सुरुवातीला दोन विक्रेत्यांचे आकडे आले. एकाने नुसतं नाव ऐकून मोठी रक्कम सांगितली. वर जिम कॉर्बेट यांच्या रायफलीचा दाखला दिला, आणि आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी .२५६ मॅन्लिकरने (.२५६ इंच म्हणजे हेच ६.५ मिलिमीटर) हत्ती मारल्याचाही. दुसरा म्हणाला, "काडतूस मिळत नाही, भिंतीवर लावायची वस्तू आहे," आणि पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी बोलला. आकडे इथे लिहीत नाही, ती घरातली बाब आहे. मात्र दोघांनीही रायफल हातात घेतलेली नव्हती. कॉर्बेट यांना १९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीनंतर .२७५ रिग्बी भेट मिळाली हे खरं, पण ती किंमत त्या एका रायफलीची आणि तिच्या नोंदींची आहे. तिच्या काळातल्या दुसऱ्या प्रत्येक रायफलीला त्या इतिहासाचे पैसे लागू होत नाहीत.

याच सुमारास माझ्या भाच्याशी फोनवर बोलणं झालं. तो न्यूझीलंडला असतो आणि तिथल्या डोंगरांत हरणांची, ताहरांची शिकार करतो. ताहर म्हणजे आपल्या हिमालयातला जंगली बकरा. १९०४ मध्ये तो तिकडे नेऊन सोडला आणि इतका वाढला की आता त्याची संख्या आवरावी लागते, म्हणून तिथे शिकारीला मुभा आहे. भाचा नवी हलकी रायफल घेण्याच्या विचारात होता. साध्या रायफलीच्या तिप्पट-चौपट पैसे मोजून वजन वाचतं ते अर्धा ते एक किलो. मला ते आधी पटेना. मग त्याने एकेक भाग घेऊन वजन कुठून काढतात ते सांगितलं, आणि तेव्हा मला काकांच्या रायफलीकडे कसं बघायचं ते उमगलं.

वजन चार ठिकाणांहून निघतं. नळी बारीक आणि आखूड करायची. ज्या लोखंडी खोक्यात बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा, सरकतो ते काडतुसाच्या मापाइतकंच ठेवायचं, किंवा टायटॅनियमचं करायचं. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता साधारण एक किलोचा असतो, त्याच्या जागी कार्बन फायबरचा अर्धा-पाऊण किलोचा बसवायचा. आणि उरलेलं बारीकसारीक: मॅगझिनचं झाकण, स्क्रू, बोल्टवर पाडलेल्या खाचा. हे ऐकून वाटेल, यात अवघड ते काय? कानशीने खरवडत गेलं तरी वजन उतरेल. अवघड पुढे आहे. बारीक नळी तिसऱ्या-चौथ्या बारातच तापते, आणि तिच्यात घडवताना राहिलेला ताण असेल तर गोळी एका बाजूला सरकत जाते. पोकळ प्लास्टिकचा स्वस्त दस्ता हलका असतो, पण पट्टा खेचला की वाकून नळीला टेकतो. हलकं करणं स्वस्त आहे, हलकं करून ताठ ठेवणं महाग. आमच्याकडे वल्हं पारखताना तेच बघतात, हातात हलकं आणि पाण्यात ताठ.

दुसरी बाजू धक्क्याची. काडतूस तेच ठेवून रायफल ४ किलोंवरून ३ किलोंवर आणली, तर खांद्यावर येणारी धक्क्याची ऊर्जा तिसऱ्या हिश्श्याने वाढते. हे साधं संवेगाचं गणित आहे, त्यातून कोणाची सुटका नाही. म्हणून हलक्या रायफलीत जोरदार काडतूस घालून विकणाऱ्यांपासून भाच्याला लांब राहायला सांगितलं. त्याला आणखी एक विचारलं: जाहिरातीतलं वजन रिकाम्या रायफलीचं आहे ना? त्यावर दुर्बीण, तिचे माउंट, पट्टा, काडतुसं चढली की किती? हिशेब केल्यावर निघालं ते असं, की त्याची आधीची मोठी दुर्बीण नव्या रायफलीवर चढवली असती तर महागाचं वाचवलेलं अर्धं वजन तिथेच परत आलं असतं. त्याने आधी दुर्बीण बदलली. रायफल घ्यायची की नाही ते तो अजून ठरवतोय, आणि माझ्या मते घाई नाही हेच बरं.

मॅन्लिकरकडे या नजरेने पाहिलं आणि तिचा आदर वाटायला लागला. सव्वाशे वर्षांपूर्वी कार्बन नव्हतं, टायटॅनियम नव्हतं. वजन काढलं ते निव्वळ यंत्रकामातून आणि काडतुसाच्या निवडीतून. ६.५ ची गोळी लांब, गोल तोंडाची, १६० ग्रेनची, म्हणजे १० ग्रॅमहून थोडी जास्त. वेग बेताचा, त्यामुळे ३ किलोंच्या रायफलीतही धक्का सोसवतो, आणि लांब गोळी सरळ आत जाते. काडतूस आणि रायफल एकमेकांसाठी बेतलेली आहेत.

कोल्हापूरला विक्रेत्याने ती टेबलावर ठेवली. त्याने आणि मी, दोघांनी ती रिकामी असल्याची खात्री केली. बोल्ट मागे ओढला तेव्हा मी थांबलोच. इतका अलगद सरकणारा बोल्ट मी नव्या रायफलींतही पाहिलेला नाही. पूर्ण मागे आल्यावरही आडवा फारसा हलत नव्हता. टूलरूमच्या माणसाला हे लगेच कळतं: दोन सरकते पृष्ठभाग यंत्रावरून काढल्यावर कोणीतरी हाताने बसवलेत.

बोल्ट काढून नळीतून पाहिलं. मागच्या तोंडाशी पांढरा कागद तिरका धरला, उजेड आत गेला. आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणारे नळीतले पिळाचे चर, धारदार होते, कडा स्पष्ट. पण मधल्या एक-तृतीयांश भागात काळसर ठिपके, गंजाने खाल्लेले. कोकणातल्या जुन्या नळ्यांची ही ठरलेली कथा आहे. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्यातून बार झाल्यावर नळीत क्षार राहतो, तो मिठासारखाच ओल खेचतो. तो तेलाने जात नाही, पाण्याने धुवावा लागतो. नळीत गरम पाणी ओतून, कोरडी करून मगच तेल लावायचं. आजोबा तसं करत, असं काकू सांगते. तरी समुद्रावरचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस आपलं काम करून जातो. ठिपके उथळ होते. घसा, म्हणजे काडतुसाच्या पुढे जिथे आटे सुरू होतात ती जागा, शाबूत होता. विक्रेत्याकडच्या निकामी केलेल्या काडतुसाची गोळी नळीच्या तोंडाशी टेकवून पाहिली, ती थोडी आत जाऊन अडली. झिजलेल्या नळीत ती पार पितळी कडेपर्यंत बुडते.

मग लाकूड. माझ्या मते जुन्या हलक्या रायफलीचं खरं आरोग्य इथे कळतं, आणि लोक नेमकं इथेच बघत नाहीत. दस्त्याचा हातात धरायचा भाग, मनगटासारखा बारीक असतो तो, तिथे लाकडाच्या रेषा सरळ पुढे-मागे धावायला हव्यात. तिरक्या गेल्या असतील तर धक्क्याने तिथेच फाटतं. आमच्या रायफलीत रेषा सरळ होत्या. पण लोखंडाच्या शेपटीमागे, जिथे धातू लाकडात उतरतो, तिथलं लाकूड काळं पडलेलं होतं. नखाने दाबलं तर दबत होतं. वर्षानुवर्षं रायफल भिंतीला तोंड वर करून उभी, तेल मुरत मुरत खाली उतरलेलं. तेलाने मऊ झालेलं लाकूड धक्का झेलत नाही, हळूहळू चिरत जातं. भिंगातून एक केसासारखी भेग दिसली, नखाच्या रुंदीइतकी लांब. ही दुरुस्त होते. तेल ओढून काढून भेग भरता येते, पण काम परवानाधारक कारागिराचं, आणि त्याचा खर्च किमतीतून वजा व्हायला हवा.

लाकडाचा दुसरा प्रश्न आपल्या हवेचा आहे. हिचं लाकूड नळीच्या टोकापर्यंत जातं. पावसाळ्यात ते फुगतं आणि बारीक नळीला ढकलतं. काका म्हणायचे, आषाढात ही दुसरीकडे मारते आणि दिवाळीनंतर जागेवर येते. आम्ही ते माणसाच्या हाताला धरायचो, पण कारण लाकडात होतं. जाड नळी असती तर एवढं जाणवलं नसतं. हलकेपणासाठी मोजलेली ही किंमत आहे, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्याने ती हिशेबात धरावी.

शिक्के वाचायला बराच वेळ दिला. घरात समज होता की रायफल पहिल्या महायुद्धाच्या आधीची. नळीवर इंग्लंडचे प्रूफचे, म्हणजे नळीच्या मजबुतीच्या चाचणीचे, शिक्के निघाले आणि त्यांच्या शेजारी "नॉट इंग्लिश मेक" अशी अक्षरं. इंग्लंडमध्ये चाचणी झालेल्या परदेशी बंदुकांवर हा शिक्का १९२५ च्या नियमांनंतर मारत. म्हणजे ती ऑस्ट्रियातून इंग्लंडला आणि तिथून मुंबईला आली, तीही १९२५ नंतर. वय कमी झालं, पण कहाणी पक्की झाली. बोल्टवरचा, नळीवरचा आणि खोक्यावरचा क्रमांक एकच. अक्षरांच्या कडा बोटाला लागत होत्या. याचा अर्थ वरचा निळा-काळा मुलामा मूळचा आहे. नव्याने मुलामा करताना धातू घासला की अक्षरं गुळगुळीत होतात आणि स्क्रूंच्या भोवती खळगे पडतात. पहिल्या विक्रेत्याने सुचवलं होतं, पॉलिश करून नवा मुलामा द्या, भाव वाढेल. मी भावांना सांगितलं, हात लावायचा नाही. झिजलेला मूळ मुलामा नव्या चकाकीहून जास्त मोलाचा आहे. दुर्बिणीसाठी कोणी भोकं पाडलेली नव्हती, हीही जमेची बाजू.

काकांच्या डब्यात जुनी रिकामी पितळी टरफलं होती, ती मुद्दाम नेली होती. बुडाच्या जरा वर चकचकीत वळसा दिसतो का ते पाहिलं, आणि आतून वाकवलेल्या तारेच्या टोकाने चाचपलं. काडतूस बसतं तिथली मागची जागा सैल असेल तर तिथे पितळ ताणून पातळ होतं आणि तार अडकते. एकाही टरफलात अडकली नाही. त्या मापाचं गेज मिळालं नाही, त्यामुळे हा पुरावा मला महत्त्वाचा वाटला.

आता काडतुसाचं. दुसऱ्या विक्रेत्याचं म्हणणं अर्धं खरं होतं. .३१५ ची काडतुसं आपल्या सरकारी कारखान्यांत बनतात, ६.५ × ५४ बनत नाहीत. शिवाय हे फिरतं मॅगझिन लांब गोल गोळीच्या मापानेच कोरलेलं आहे, दुसऱ्या आकाराची गोळी त्यातून नीट चढत नाही. म्हणून वापराचं मोल बरंच खाली येतं. उलट बाजूने, सर्वसामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक आयात करणं १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे, त्यामुळे देशात आधीपासून असलेल्या चांगल्या परदेशी हत्यारांचा भाव त्यांच्या उपयोगापेक्षा कितीतरी वर गेला. भाच्याकडच्या डॉलरच्या किमतींशी तुलना करून इथे काही निघत नाही. त्यात २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, वारशाने आलेली धरूनही. ज्यांच्याकडे आधीच दोन आहेत तो गिऱ्हाईक गेला.

कागदांत एक गाठ सुटायला वेळ लागला. जुन्या परवान्यावर ".२५६ मॅन्लिकर" एवढंच लिहिलेलं. इंग्रज या नावाने दोन वेगळी काडतुसं ओळखत: एक कडेचं, म्हणजे बुडाला बाहेर आलेली कड असलेलं, ६.५ × ५३, आणि दुसरं बिनकडेचं, ६.५ × ५४. नुसत्या नावावरून रायफल कोणती ते ठरत नाही, आणि अर्जातलं माप नळीच्या मापाशी जुळलं नाही तर पुढे प्रकरण अडतं. आम्ही विक्रेत्याकडून क्रमांक, शिक्के आणि मापासह लेखी वर्णन घेतलं आणि अर्जाला जोडलं. ज्यांच्या घरी जुना परवाना आहे त्यांनी वडीलधारे आहेत तोवर हे तपासून घ्यावं, ही माझी कळकळीची विनंती. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असलं, तर हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. काकांना दोन्ही लागू होतं, पण आमच्यापैकी कोणालाच हा नियम ठाऊक नव्हता.

शेवटी किंमत. मी मोठ्या आकड्यापासून सुरुवात केली नाही. आधी विचारलं, मूळ मुलामा, एकच क्रमांक, चांगले आटे असलेली अशी रायफल परवाना असलेल्या जाणकाराला खरोखर कितीला घ्यावीशी वाटेल. त्यासाठी आणखी एका जुन्या विक्रेत्याचं मत घेतलं, यावेळी रायफल हातात देऊन. त्यातून नळीतल्या ठिपक्यांसाठी, दस्त्याच्या दुरुस्तीसाठी आणि काडतुसांच्या अडचणीसाठी रक्कम वजा केली. जो आकडा आला तो पहिल्या दोन आकड्यांच्या मधला, पण खालच्याकडे झुकलेला होता. धाकटा भाऊ डोंबिवलीला असतो, त्याने सगळे कागद वाचले आणि एकच विचारलं, "दादा, बार न काढता एवढं खात्रीने सांगता येतं?" प्रश्न रास्त होता. हलक्या रायफलीचा निवाडा निशाणावरच होतो: थंड नळीची पहिली गोळी कुठे लागते आणि तापल्यावर तिसरी कुठे जाते. ते आम्हाला करता आलं नव्हतं.

म्हणून कराराच्या कागदात ते कलम घातलं. थोरल्याने रायफल घ्यायची. तीन चतुर्थांश रकमेतले वाटे काकूला आणि धाकट्याला आता द्यायचे. उरलेली रक्कम परवाना झाल्यावर, दस्ता दुरुस्त होऊन, मान्यताप्राप्त रेंजवर नेम तपासल्यानंतर. काडतुसं वर्षभरात मिळालीच नाहीत तर उरलेल्या रकमेच्या निम्मी द्यायची आणि विषय मिटवायचा. तिघांनी सह्या केल्या. वारसांच्या ना-हरकतीसह अर्ज ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयात गेला आहे, पोलीस पडताळणीसाठी बीटचे हवालदार घरी येऊन गेले. थोरल्याने पैसे आंब्याच्या पट्टीतून दिले. रायफल अजून कोल्हापुरातच आहे, आणि विक्रेत्याला मी सांगून आलोय की ती तोंड खाली करून ठेवा.